कागद मोकळा होईपर्यंत
मोरिओकातल्या निशिगाकीच्या स्पीकरांच्या दुकानात आपल्या नवऱ्याने निम्मी हयात घालवली, असं योशिए सगळ्यांना सांगायची, आणि ते काही फार खोटं नव्हतं. नळखात्यातून निवृत्त झाल्यावर तर कागेयामा बसायची उशीसुद्धा घरून घेऊन जायचा. आज तो उशीशिवाय आला, तोही धापा टाकत, तेव्हा निशिगाकी चपापला.

"योशिएला घरी आणलंय," कागेयामा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता इस्पितळात ठेवून उपयोग नाही."

निशिगाकीने स्वतःची उशी त्याच्यापुढे सरकवली.

तरुणपणी योशिए बायकांच्या गायनवृंदात गायची. त्या वृंदाची एकच तबकडी निघाली होती. कागेयामाने ती घरच्या धिप्पाड स्पीकरांवर कितीदा तरी वाजवली, पण एवढ्या बायकांत आपली बायको कुठली, हे त्याला कधीच ओळखता आलं नव्हतं. आता अंथरुणावरून तिने तीच तबकडी मागितली होती. "दोघं मिळून ऐकू. माझा आवाज कुठला ते मी दाखवते. नाहीतर तुम्हाला जन्मात कळायचं नाही." एवढं एकच तिचं मागणं होतं, आणि ते धड पुरं करायचं कागेयामाने मनावर घेतलं. इथेच सगळं बिघडलं.

कारण धड म्हणजे काय, हे ठरवणार कागेयामा.

तिच्या खोलीसाठी त्याने नवे स्पीकर मागितले, आणि निशिगाकीने तीन जोड्या ऐकवल्या. पहिलीचा ढोल पोटात घुमायचा, पण छोट्या खोलीत सगळ्याचा काला झाला असता. दुसरीत एकेक वाद्य वेगळं काढून दाखवावं इतकं स्वच्छ, मात्र बरोबर मध्ये बसलेल्या एकालाच. जरा बाजूला सरकलं की गाणं एका कुशीवर कलंडायचं.

"आम्ही दोघं आहोत," कागेयामा म्हणाला. हे वाक्य त्या दुकानात तो पहिल्यांदाच बोलत होता.

तिसरी जोडी अगदी साधी. लहान लाकडी खोकं, त्यात कागदाचा एकच पडदा. ढोल नाही, झांजेची किणकिण नाही. पण माणसाचा आवाज असा, की समोर बसून कुणी बोलतंय. एरवी कागेयामाने नाक मुरडलं असतं. आज त्याने तीच उचलली.

"कोरी आहे हं," निशिगाकी म्हणाला. "कागद कडक असतो. शंभर तास वाजू द्या, मग मोकळा होईल."

"ते मला सांगू नका," कागेयामा म्हणाला.

घरी येऊन त्याने मागच्या खोलीत दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवले, वर जाड गादी टाकली आणि रेडिओ लावून दिला. दिवसरात्र गादीखालून पुटपुट चालू.

"काय चाललंय मागे?" शुक्रवारी दुपारी पेजेचा घोट कसाबसा गिळत योशिएने विचारलं. "मांजर कोंडलंय का?"

"तुझ्यासाठीच आहे. रविवारी ऐकू."

"आजच लावा ना. आज जरा बरं वाटतंय."

"अजून कागद कडक आहे गं, आवाज कच्चा. बायकांचे आवाज त्यात चिरके लागतील. इतकी वर्षं थांबलीस, आणखी थोडं थांब."

"तुमचा कागद पिकेपर्यंत मी गळून पडेन," ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. मूर्ख माणूस, हसला.

घरी येणाऱ्या परिचारिकेने, ओनोदेराबाईंनी, त्याला ओट्याजवळ गाठलं. "कागेयामासान, जे ऐकवायचं ते ऐकवून टाका. वाट बघू नका."

"रविवारी," तो म्हणाला. त्याला खरोखरच वाटत होतं, की तो तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवतोय. आजवर आपण तिला कच्चंच ऐकवलं, निदान हे तरी पक्कं असावं. प्रेमच होतं ते, पण काय कामाचं?

शनिवारी सकाळी योशिए जागी झाली नाही. श्वास चालू होता, लांब लांब. ओनोदेराबाई म्हणाल्या, "बोलत राहा. कदाचित ऐकू जात असेल."

कागेयामाने गादी भिरकावली, स्पीकर उचलून तिच्या पायथ्याशी आणले, आणि त्याही वेळी अंतर मोजायला टेप काढली. ओनोदेराबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. मग त्याने तबकडी लावली आणि तिचा हात धरून शेजारी बसला.

आवाज मोकळा झाला होता. इतका, की बायका रांगेने उभ्या दिसाव्यात. आणि दुसऱ्या कडव्यात डावीकडे, जरा मागे, एक खालच्या पट्टीतला आवाज होता, ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला किंचित घाई करणारा. कागेयामा ताडकन उठला.

"सापडलीस! अगं, हीच ना? डावीकडची?"

योशिएचा हात त्याच्या हातात होता. तो हलला नाही.

त्याने सुई पुन्हा तिथेच टेकवली. या वेळी उजवीकडेही तसाच एक आवाज लागला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तोच जास्त ओळखीचा वाटला. त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं, "का ही? खूण तरी कर. ही का ती?" दोन्ही आवाज स्वच्छ, एकेक शब्द कळणारे. त्यातला तिचा कुठला हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि काल दुपारी ते सांगायला तयार होतं.