अर्धी अर्धी गोळी

पल्लवीच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नव्हती, आणि तिच्या आईला, झुंबरबाईला, त्याचं काहीच वाटलं नाही.

"तिच्या त्या हाताला नसतेच नाडी," ती भोवती जमलेल्या बायांना म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. दुसऱ्या हाताची बघा."

सखुबाईनं पोरीचा उजवा हात धरला. बराच वेळ धरून बसली. मग हळूच म्हणाली, "झुंबरे, हितंबी नुसता धागा लागतोय. गाडी बोलाव."

पेठच्या डोंगरातली ही बारा बायांची टोळी दर हिवाळ्यात दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायची. बागेतलं काम म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. मांडवाखाली उभं राहायचं आणि घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढत जायचं. झुंबरबाईचा गळा गोड. कात्री चालता चालता ती ओवी जुळवायची:

मांडव गं दाखांचा, घड वरती लोंबती
माझ्या लेकीबाळी खाली हात उचलून थांबती

म्हणूनच गेल्या साली एकोणीस वर्षांची पल्लवी "आये, हात भरून येत्यात" म्हणाली, तेव्हा बाया हसल्या होत्या. "आमचे काय पिसासारखे हलके ऱ्हात्यात का गं? नवरा बघायला लागंल हिला, हात दाबणारा!" पण पल्लवीच्या हातातनं कात्री गळायला लागली. मग बारीक ताप, मग भोवळ. शेवटी नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दुखण्याचा पत्ता लागला.

"हिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून सुजल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाट अरुंद झालीय, हातापर्यंत रक्त पोचत नाही. अशी सूज विझवणारे रस आपल्या अंगातच तयार होतात, मावशी. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. हिचे पुरे पडत नाहीत. ही गोळी त्यातल्याच एका रसासारखी आहे, बाहेरून दिलेली. एक दिवसही बंद करायची नाही."

झुंबरबाईनं मान हलवली. सकाळी दोन गोळ्या, चहा-भाकरीवर. महिन्याभरात पोरीचं तोंड गोल झालं, आणि एक दिवस तिचे दोन्ही हात मांडवाला पोचले. झुंबरबाई तिथंच खाली बसून रडली.

ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

टोळीत एकीचं मीठ ते सगळ्यांचं मीठ. एकीची मिश्री बारा जणींच्या दातांना लागते. मग हात उचलणारी गोळी एकटीची कशी राहणार? या हिवाळ्यात पहिली मागितली सखुबाईनं. "माझे खांदे बघ गं, कुऱ्हाडीनं तोडल्यागत झाल्येत." झुंबरबाईनं एक गोळी मोडून अर्धी दिली. दुसऱ्या दिवशी सखुबाई पोरीसारखी ओळीतून पळत होती. मग मालनबाई आली, मग भागीबाई. नाही म्हणायचं कुणाला? पल्लवी आजारी होती तेव्हा याच बायांनी तिच्या वाटच्या ओळी उरकल्या होत्या.

पल्लवी एकदा म्हणाली, "आये, पुरतील ना?"

"पुरतील. तुझ्या तोंडचं काढून देते का मी कुणाला?"

महिन्याच्या गोळ्या नऊ दिवस आधीच संपल्या. दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो आणि माल तर ऐन भरात. झुंबरबाईनं स्वतःशीच ठरवलं, आपण बंद कुठं करतोय? खाडा पडला एवढंच. पोर तर बरी दिसतेय.

चौथ्या दिवशी पल्लवीनं भाकरी सरकवली. पाचव्या दिवशी उलट्या झाल्या, अंग तापलं, सांधे दुखू लागले. सातव्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही.

मुकादम सोमानं जीप काढली. वाटेतल्या डॉक्टरला त्यानंच सांगितलं की काल बागेत फवारणी झाली होती. नाशिकला पोचेपर्यंत पल्लवीच्या नावापुढं विषबाधा लागलेली होती. हातांना नाडी नीट लागेना, म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरनं मांडीला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, सलाईन लावलं आणि विचारलं, "आधीचा काही आजार? गोळ्या चालू आहेत?"

"नसांच्या सुजेच्या. चालू हायेत," झुंबरबाई म्हणाली.

सखुबाई शेजारीच उभी होती. तिच्यासमोर कसं सांगायचं? आणि सांगायचं तरी काय, लेकीचा वाटा मी टोळीला खाऊ घातला? झुंबरबाई पोरीचं पांघरूण सारखं करत राहिली. सलाईनची एक बाटली संपली, दुसरी लागली. रक्तदाब काही वर येईना. डॉक्टर पुन्हा पुन्हा फवाऱ्याच्या औषधाचं नाव विचारत राहिले. दीड तास गेला.

मग पल्लवीचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"नव्हत्या चालू!" झुंबरबाई ओरडली. "सात दिस झालं, गोळी नाय तिच्या पोटात. मी वाटल्या."

"वाटल्या? कुणाला?"

"आमच्या पोटात हायेत, डॉक्टर," सखुबाई म्हणाली. "काढता आल्या तर काढून घ्या."

डॉक्टर त्याच रसाचं इंजेक्शन आणायला धावले.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब चढला. पल्लवीनं डोळे उघडले, पण उजवा हात हलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. ओळखीच्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या आणि पलंगाजवळ बसल्या.

"मावशी, तुमच्या नागलीच्या शेतात माळ्यावर राखणीला कोण असतं?"

"घरचंच माणूस."

"रोज बाहेरचा राखणदार यायला लागला तर?"

"घरचं झोपणार."

"अंगाचंही तसंच. गोळी येत राहिली की अंग स्वतःचा रस करायचं थांबवतं. गोळी एकदम बंद झाली आणि घरचा राखणदार जागाच झाला नाही. रक्तदाब कोसळला. हिच्या मेंदूकडं जाणारी वाट आधीच अरुंद, तिथं रक्त पोचलं नाही."

"मी लवकर बोलले असते तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "हात कदाचित वाचला असता," त्या म्हणाल्या. "आणि त्या बायांना घेऊन या. कुणी किती दिवस खाल्ल्या ते बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं झुंबरबाईच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. पल्लवीला नीट गिळता येत नव्हतं. सिस्टरनं तिला टेकवून बसवलं आणि थोडं थोडंच द्यायला सांगितलं. झुंबरबाईनं गोळ्या चमच्यात चुरल्या, पाण्यात कालवल्या, लेकीच्या ओठांना लावल्या. निम्मं पाणी तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. झुंबरबाईनं ते बोटानं टिपलं आणि परत तिच्या जिभेवर ठेवलं. पुन्हा ओघळलं. तिनं पुन्हा टिपलं. पल्लवी आईकडं बघत होती, आणि त्या बघण्यात राग आहे की नाही, हे झुंबरबाईला काही केल्या कळेना.