संध्याकाळी मला शेगडीवर ठेवू नका

मी किटली बोलतेय. डाकारच्या किनाऱ्यावर, योफ वस्तीतल्या सार कुटुंबाच्या घरची. निळ्या एनॅमलची, एका कुशीला टवका उडालेली. या घरातली झोप मीच पळवली, असा आरोप माझ्यावर झाला. तो निम्मा खरा होता. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

या घरच्या सुनेच्या, न्गोने जोपच्या लग्नात तिच्या आईनं मला दिलं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, आठवते ती बाजारातली धूळ. इथे आल्यापासून रोज अंगणात शेगडी पेटायची. न्गोनेचा नवरा मबाय माझ्या पोटात चहा, साखर आणि पुदिना कोंबायचा आणि उंचावरून छोट्या पेल्यांत धार सोडायचा. आमच्याकडे चहा एकदाच होत नाही. पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा त्याहून गोड, आणि तिन्ही झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मुलं मोठी झाली, नातवंडं आली, माझा तळ काळाकुट्ट झाला. मी मजेत होते.

न्गोने आपल्या दुकानात शिवणकाम करते, दिवसभर मशीनपुढे बसून. पन्नाशी जवळ आली तसा तिचा रक्तदाब वाढला. त्यातच धाकट्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला. मग एका संध्याकाळी न्गोनेनं मुलाचे जुने बूट पायात चढवले आणि ती किनाऱ्यावर धावायला निघाली.

मबायची थोरली बहीण सोखना दारातच बसली होती. "आजी झालीस, न्गोने. कोण लागलंय तुझ्या मागे?"

"म्हातारपण लागलंय, वन्सं. त्याला काही मी सापडत नाही."

तेव्हापासून मी त्या बाईच्या बाजूची आहे.

पण काही महिन्यांत गाडी बिघडली. ती दुकान बंद करून अंधार पडेपर्यंत जिवाच्या आकांतानं धावायची. घामानं भिजून घरी यायची, वजन वाढेल म्हणून घरच्या सामाईक मासे-भाताच्या परातीला हात लावायची नाही. माझे तीन पेले तेवढे प्यायची. मग अंथरुणात नुसती कूस बदलत राहायची. पाय तापलेले, छातीत धडधड थांबायची नाही. माहेरचं आडनाव जोप, आणि बाईला नेमकी झोपच नाही. सकाळी पाय उचलवायचे नाहीत. अशा वेळी शहाणं माणूस काय करील? हिनं ठरवलं, आपण पुरेसं दमतच नाही. ती आणखी जोरात धावायला लागली, आणि तेही रोज. मला ती आवडते म्हणूनच सांगते, हा शुद्ध गाढवपणा होता.

बकरी ईद तोंडावर आली होती. शिवणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते असे दिवस. कापड बेतताना न्गोनेला डुलकी लागली आणि एका गिऱ्हाइकाच्या आकाशी कापडाच्या ऐन छातीवरून कात्री गेली. त्या बाईनं आरडाओरडा केला नाही. कापडाची घडी घातली आणि ती समोरच्या दुकानात गेली.

त्या संध्याकाळी घरच्यांची बैठक बसली. "धावणं सोड, नाहीतर दुकान जाईल," सोखना म्हणाली.

मबाय खाली मान घालून बोलला, "अगं, वय झालं आपलं. अंगच सांगतंय तसं."

 न्गोनेनं बुटांच्या नाड्या ओढून काढायला घेतल्या. मला फार वाईट वाटलं. ती भांडली असती तर चाललं असतं.

तेवढ्यात शेजारचा मादिके न्जाय आत आला. एकेकाळचा नावाजलेला पैलवान, आता गुडघ्याला पट्टा. आमच्याकडे जोप आणि न्जाय या आडनावांत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. न्जायनं जोपला काहीही बोलावं, जोपनं रागवायचं नाही, सव्याज परत करायचं.

"काय जोपबाई, भात संपला म्हणून सुतक धरलंय का?"

सोखनानं त्याला सगळं सांगितलं. मादिकेनं न्गोनेकडे पाहिलं, भरलेल्या परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धावण्यात काही खोट नाही. खोट जोपांच्या हावरटपणात आहे. भात दिसला की परात संपवतात, किनारा दिसला की किनारा. मी तिशीत रोज झुंजायचो. चाळिशीनंतर एक दिवस झुंजलो की पुढचे दोन दिवस अंग आराम मागायचं. दिला नाही की रात्री डोळे टक्क."

"तुझं अंग आहे की धान्याचं गोदाम," न्गोने पुटपुटली.

"आणि उपाशी पोटी धावून वर हिचे तीन पेले." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही किटली तर जोपांपेक्षा चोर. रोज झोप चोरते."

माझं झाकण रागानं थडथडलं. मी काय उडी मारून पेल्यात जाते? ओतणारे तुम्ही, पिणारे तुम्ही, आणि चोर मी?

"उद्या पहाटेच्या नमाजानंतर माझ्याबरोबर ये," मादिके म्हणाला. "धावता धावता मला नावं ठेवायची, पण पूर्ण वाक्यात. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला समजायचं आणि चालायला लागायचं."

न्गोनेनं मान वर केली. "न्जायांना नावं ठेवायला माझा दम कधी कमी पडला नाही."

"बघू की."

तिनं नाड्या परत ओवल्या. "धावणं सोडणार नाही, वन्सं. हावरटपणा सोडते." आणि परात जवळ ओढली.

पहिल्या दिवशी म्हणे होड्यांपाशी पोचण्याआधीच वाक्य तुटलं. घरी आली ती धुमसत. पण ऐकलं तिनं. धावण्याच्या दिवसानंतर एक दिवस नुसता फेरफटका. संध्याकाळी पोटभर जेवण. आणि माझी रवानगी दुपारच्या जेवणानंतर. लगेच काही जादू झाली नाही. मध्ये एकदा गुपचूप संध्याकाळी जोरात धावून आली आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी मशीनवर बसली. ते आकाशी कापडाचं गिऱ्हाईकही परत आलं नाही, दुसरी आली. हळूहळू वाक्यं लांबत गेली. आता मशिदीपासून होड्यांपर्यंत ती न्जायांच्या सात पिढ्या उद्धरते, आणि धापा मादिके टाकतो.

दुपारची किटली होणं मला झोंबलं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळची मैफल माझी होती.

काल दिवेलागणीनंतर सोखना आली. मबायनं हात जोडले, "दुपारी ये ताई, तिन्ही पेले देतो." ती भडकली, "संध्याकाळी चहा नाही? हे घर आहे का दवाखाना?" आणि स्वतःच मला शेगडीवर ठेवलं. तेवढ्यात आतून न्गोनेचं घोरणं ऐकू आलं. लांब, संथ, कुठेही न तुटणारं. सोखना ऐकत राहिली. मग आवाज न करता तिनं मला उचललं आणि फळीवर पालथं घातलं.

तेव्हा ऐका. पाहुणा कितीही मोठा असो, संध्याकाळी मला हात लावायचा नाही. मी पालथी आहे ती माझ्या मर्जीनं. आणि बोला हळू. पहाटे तिला न्जायांना बरंच काही ऐकवायचंय.