नवऱ्याच्या उजव्या हाताला

घाट लागला तशी बसमधली सगळी माणसे डावीकडे वळून दरी पाहू लागली. नव्या नवरीची जागा डावीकडेच होती. पण खिडकी नवऱ्याला देऊन ती आतल्या बाजूला बसली होती. मागच्या बाकावरच्या आजीबाईंना हे काही पाहवेना.

"काय हो जावईबापू, खिडकी बायकोला द्यायची असते. उडून माहेरी जाईल अशी भीती वाटते की काय?"

"मी दिली होती, आजी. तिलाच नको."

"मला खाली पाहिलं की गरगरतं," ती म्हणाली.

हे धादांत खोटे होते. लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसणारी आणि हाका मारमारून आई थकली तरी न उतरणारी पोर ती. खरे कारण असे, की गोवराच्या तापात तिचा उजवा कान गेला होता. थोडाथोडका नव्हे, पार गेला होता. नवऱ्याचा शब्द ऐकायचा तर तो तिच्या डावीकडेच असायला हवा होता.

ही गोष्ट घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती काजे करण्याच्या यंत्रावर बसत असे; तिथे यंत्रांच्या खडखडाटात सगळ्याच बायका ओरडून बोलत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. वडील कुठे बोलून बसतील, हा प्रश्नच नव्हता. ते आईच्या 'हो'मागे 'हो' म्हणण्यापुरतेच घरात होते. निघण्याच्या सकाळी आईने तिला आत बोलावून बजावले होते, "जेवताना, चालताना, निजताना, डावा कान त्यांच्याकडे. एक मूल होऊ दे, मग सांग. मूल झाल्यावर कोणी परत पाठवत नाही. आणि धाकटीचं जमत आलंय, एवढं ध्यानात ठेव. थोरलीत खोट निघाली तर धाकटीकडे सरळ नजरेनं कोण बघेल?"

आईचा शब्द म्हणजे त्या घरातला कायदा. तो मोडण्याची छाती आजवर कोणाची झाली नव्हती.

डोंगरमाथ्यावरचे अतिथिगृह लहान पण नेटके होते. लाकडी जिना, शेगडीने उबदार झालेली जेवणाची खोली, खिडकीबाहेर उतरणीवर उभी असलेली उंच काळपट झाडे आणि त्यांच्यामधून ये-जा करणारे धुके. मालकीणबाई विधवा होत्या. बोलायला फटकळ, वाढायला सढळ. जेवायला बसताना नवरी खुर्ची सोडून दुसऱ्या बाजूला गेली, तेव्हा त्यांनी भुवई उचलली. सकाळी चहाच्या वेळी पुन्हा तेच झाले.

"नवरीबाई, तुम्ही घड्याळाचा काटा आहात का? सारख्या फिरता आपल्या!"

नवरी हसली. नवरा हसला नाही. त्याने डावा हात टेबलाखाली घेतला.

तो पुस्तके बांधणारा होता. कागद कापण्याच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. बोलणी झाली त्या दिवशी त्याच्या आईने तो हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायला लावला होता. "नीट बघून घ्या. मागाहून कुरकुर नको," असे त्या म्हणाल्या होत्या. त्यावर नवरीच्या आईने मोठ्या मनाचा आव आणून उत्तर दिले होते, "आम्ही हात नाही बघत, मन बघतो." त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे नवरीला झाले होते, पण तिने मान खाली घातली, आणि पाहणाऱ्यांना तो विनय वाटला.

दुपारी दोघे कड्यावरच्या बाकाकडे निघाले. वाट डोंगराच्या कुशीतून जात होती. डावीकडे उभा खडक, उजवीकडे तुटलेला उतार. नवरा आपणहून उताराच्या बाजूने चालू लागला. नव्या बायकोला कोणता पुरुष कडेला चालू देईल? पण त्यामुळे तो तिच्या उजवीकडे आला, आणि त्याचे बोलणे बंद झाल्यासारखे तिला वाटले. ओठ हलताना दिसत होते. कानी येत होता तो नुसता वारा. तो काहीतरी विचारत आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे, हे ओळखून ती झटकन त्याच्या मागून वळसा घालून कडेला गेली. त्याने खिशातून काढून तिच्यापुढे धरलेला डावा हात तिला दिसलाच नाही.

तो हात पुन्हा खिशात घालून तो वर पोहोचला. समोर डोंगरांच्या रांगांमागून रांगा उभ्या होत्या, निळ्या, त्यामागे राखाडी, त्यामागे नुसती चाहूल. बाकावरही ती त्याच्या उजव्या हाताला बसली, तेव्हा तो त्या रांगांकडे पाहत म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं परत जाऊ."

"का हो? अजून राहायचं होतं ना?"

"राहून काय करायचं? माझ्या हाताची तुला शिसारी येते. बसमध्ये, टेबलाशी, पलंगावरही तू त्या हातापासून लांब. आज तर कड्याच्या टोकानं चाललीस, पण त्या हाताला लागली नाहीस. हरकत नाही. तुझ्या आईकडे मीच नेऊन सोडतो. माझ्याकडूनच जमलं नाही, असं सांगेन. तुझ्या नावाला बट्टा लागणार नाही."

तिने त्याचा डावा हात चटकन दोन्ही हातांत घेतला. "तसं नाहीये हो. देवाशपथ नाही."

"आता मी बोललो म्हणून धरलास." त्याने हात हलकेच सोडवून घेतला. "दया नको मला."

ती गप्प राहिली असती तरी कोणी तिला दोष दिला नसता. कान झाकलेला राहिला असता, धाकटीचे लग्न लागले असते, आणि सगळा ठपका या सरळ माणसाने आपल्या डोक्यावर घेतला असता. आपली दोन बोटे कोणाच्या तरी किळसेचा विषय आहेत, हे मनाशी धरून तो जन्मभर पुस्तके बांधत राहिला असता. आईच्या कायद्यात याला जागा होती. तिच्या मनात नव्हती.

"मला उजव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही डावीकडे असलात तरच ऐकू येतं. म्हणून फिरते."

तो तिच्याकडे वळला.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"घरी सगळ्यांना ठाऊक?"

"हो."

"माझा हात टेबलावर होता, तेव्हाही?"

"तेव्हाही."

तो उठून उभा राहिला. "कानाचं मला काही नाही. आमच्या छापखान्यात अर्धे बहिरे आणि अर्धे थोटे. कोणी कोणाला हसत नाही. पण माझ्या आईनं पोटच्या पोराला चारचौघांत उघडं केलं, आणि तुम्ही झाकून बसलात. वर म्हणे, मन बघतो!"

उतरताना तो पुढे चालला, ती मागे. धुके दाट झाले तसा तो वळणावर थांबला, मागे न पाहता उभा राहिला, आणि तिची पावले जवळ आल्यावर पुन्हा चालू लागला.

अतिथिगृहात शिरताच तिने मालकीणबाईंकडे फोन मागितला.

"मी काही करायला सांगितलेलं नाही," नवरा म्हणाला.

"मला करायचाय. तुम्ही इथंच थांबा."

पलीकडून आईचा आवाज आला, आणि नवऱ्याला कानाचे कळले आहे, हे तिने आढेवेढे न घेता सांगून टाकले. मग ऐकत राहिली. आईचा स्वर एवढा चढला की मालकीणबाई उगीचच भांडी आवरायला आत निघून गेल्या.

"धाकटीच्या सुखावर निखारा ठेवलास!"

"धाकटीचे दोन्ही कान धडधाकट आहेत, आई. त्या लोकांना माझ्याबद्दल तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"कोणाशी बोलतेयस, कळतंय का तुला?"

"आईशी."

मग आईने जावयांना फोनवर बोलावले. त्याने तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसते ऐकले.

"हो, रागावलोय," तो शेवटी म्हणाला. "नाही, परत नाही पाठवत... नाही सासूबाई, उपकारसुद्धा करत नाही. धाकटीचं तिथं मोडलं, तर थोरला जावई म्हणून मी दुसरं घर बघेन. पण सगळं सांगून."

त्याने फोन खाली ठेवला. दाराच्या चौकटीत मालकीणबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. "जेवण निवतंय," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात प्रथमच त्यापुढे काही बोलल्या नसाव्यात.

दोघे टेबलाशी समोरासमोर बसले.

"माझा राग आज जायचा नाही," तो म्हणाला. "उद्याही जाईल, असं नाही."

"असू दे. मी थांबेन."

"थांबशील तोवर जेवून घे," तो म्हणाला, आणि वाफाळलेले पातेले त्याने तिच्याकडे सरकवले.