आठशे ताटांची चव

"अगं, थुंक ते," लंबू तिच्या कानाशी पुटपुटला. "गिळतेस काय? अजून दोन कंपन्या बाकी आहेत."

बारकीने गिळलं. आठ बिस्किटं पोटात गेली होती आणि अजून सकाळचे साडेनऊसुद्धा वाजले नव्हते. प्रत्येकासमोर एक कागदी पेला ठेवला होता. चव घ्यायची, कागदावर नोंद करायची आणि घास त्या पेल्यात टाकून द्यायचा. बाकीचे सहाजण जन्मभर हेच करत आल्यासारखे थुंकत होते. बारकीचा पेला कोरडा ठणठणीत.

"मला नाही जमत रे. तोंडात घेतलेलं अन्न बाहेर कसं काढायचं?"

"मग बस फुगत. दुपारी सूप आहे, तेव्हा रडशील."

या परमुलखात बारकीच्या वर्गात तिची भाषा बोलणारा लंबू हा एकटाच. उंचीने ताडमाड, जिभेला हाड नाही, पण मनाने बरा. अन्नतंत्रज्ञानाचा त्यांचा अभ्यासक्रम दोन महिन्यांत संपणार होता. आजच्या तीन भेटींतल्या पहिल्या दोन नुसत्या बघण्यासाठी होत्या. तिसरी कंपनी इस्पितळातल्या रुग्णांसाठी सूप बनवायची आणि तिथल्या चव-विभागात उमेदवारीची एकच जागा होती. ती मिळाली तर इथे पाय रोवता येणार होते. नाही मिळाली तर बाडबिस्तरा आवरायचा आणि घरचा रस्ता धरायचा.

दुसऱ्या कंपनीत जॅमचे बारा नमुने निघाले. तेही गेले. वर तिथल्याच कॅंटीनमध्ये जेवण होतं आणि बरोबर आलेले सर म्हणाले, पोटभर जेवा, लाजू नका. बारकीने अगदी थोडंच वाढून घेतलं होतं, पण जे घेतलं ते शेवटच्या शितापर्यंत संपवलं. लंबू तिच्याकडे बघतच राहिला.

"पोट आहे की कोठार?"

"गप बस," ती म्हणाली. तिला हसताही येत नव्हतं.

सुपाच्या कंपनीत पोचेपर्यंत तिच्या पोटाला तडस लागली होती. चव-विभागाच्या प्रमुख बाई पांढऱ्या आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या आणि नजरेने सगळं टिपणाऱ्या होत्या. परीक्षा ऐकायला सोपी होती. समोर तीन वाट्या, दोन सारख्या आणि एक वेगळी. वेगळी ओळखायची. अशा पाच फेऱ्या.

बारकीने डोळे मिटले. पहिला चमचा, दुसरा, तिसरा. मधली वाटी. पुढच्या फेरीत डावी. तिसऱ्या फेरीत तिला गोंधळल्यासारखं झालं, जिभेवर अजून जॅम रेंगाळत होता. तिने पाणी प्यायलं, पुन्हा चाखलं आणि पुन्हा गिळलं. आपला डावा हात टेबलाच्या कडेला काहीतरी करतोय, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

निकाल बाईंनी लगेच वाचला. बारकीचे चार बरोबर. तिच्या खालोखाल लंबू, तीन.

"तुम्ही सगळं गिळलंत," बाई म्हणाल्या. "सगळं गिळून चार बरोबर. आणि दर चमच्याला तुम्ही बोटं उघडत होतात, ते काय होतं? कुणी शिकवलं?"

"आईने."

"आई याच कामात आहे?"

"आई आचारी आहे. तिला चव कळत नाही."

सगळे हसले, लंबूसुद्धा. बारकीला संताप आला. ही गोष्ट तिने आजवर सख्ख्या मैत्रिणीलाही सांगितली नव्हती, सांगायची नाही असं ठरलेलंच होतं. पण आईला कुणी हसावं हे तिला सहन झालं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

ती अकरा वर्षांची असताना आई महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. ताप गेला तो चव घेऊनच गेला. आई एका कारखान्याच्या कॅंटीनची मुख्य आचारी, आठशे कामगार रोज तिच्या हातचं जेवायचे, आणि घरात कमावणारी ती एकटीच. मुकादमाला कळतं तर त्याने दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं असतं. म्हणून बारकी रोज पहाटे साडेपाचला तिच्याबरोबर जाऊ लागली. आई पळी पुढे करायची, बारकी चाखायची. कुणी ऐकू नये म्हणून बोलायचं नाही, फक्त बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे तिखट जास्त, मिटलेली मूठ म्हणजे जमलं, उतरव. ती चाखणी हीच तिची न्याहारी असायची. शाळा झाली, कॉलेज झालं, अकरा वर्षं हे चाललं. लोक म्हणायचे, पोरगी आईचा पदर सोडत नाही.

खोलीत आता कुणी हसत नव्हतं.

"आणि तुम्ही इथे आल्यापासून?" बाईंनी विचारलं. "त्यांच्यासाठी चव कोण बघतं?"

बारकीला इथे येऊन चौदा महिने झाले होते. तिने एकदाच विचारलं होतं आणि "मावशी येते की" म्हणून आई मोकळी झाली होती. तेच सोयीचं होतं म्हणून तिने ते खरं मानलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"जागा तुमची," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून वर्ग सुटल्यावर या. पण थुंकायला शिकावं लागेल. जाण्यापूर्वी अर्ज भरून द्या."

बारकी अर्ज घेऊन बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने आधी फोन लावला.

"आई, जागा मिळाली."

"मिळणारच होती. जेवलीस का?"

"आज जेवण्याशिवाय दुसरं काही केलंच नाही. आई, खरं सांग, चव कोण बघतं?"

"सांगितलं ना, मावशी."

"मावशीच्या हातचं मी जेवलेय. खरं सांग."

"मी भांड्यांवर असते आता. तू गेलीस त्याच आठवड्यात मुकादमाला सांगितलं, गुडघे दुखतात, शेगडीपुढे उभं राहवत नाही."

"भांडी घासायलाही उभंच राहावं लागतं."

"त्याच्या डोक्यात नाही आलं ते."

बारकीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. "मला का नाही सांगितलंस? मी आलेच नसते इथे."

"म्हणूनच नाही सांगितलं. हे बघ बारके, आठशे माणसं जेवायला बसतात, त्यांना काय अंदाजपंचे वाढायचं? अकरा वर्षांत एक माणूस ताटावरून अर्धपोटी उठला नाही. ते मला तसंच राखायचं होतं. भांड्यांना मीठमसाला लागत नाही. आणि मी घासलेलं पातेलं बघ एकदा, तोंड दिसतं त्यात."

"आई, मी आज सांगितलं. सगळ्यांसमोर."

"हसले का?"

"आधी हसले."

"मग?"

"मग जागा दिली."

आई मोठ्यांदा हसली. बऱ्याच दिवसांत बारकीने ते हसू ऐकलं नव्हतं. "बरं केलंस," ती म्हणाली. "आता कुणालाही सांग. आता माझं कोण काय काढून घेणार?"

फोन ठेवल्यावर बारकीने गुडघ्यावर अर्ज घेतला. लंबू शेजारी येऊन उभा राहिला. मघाच्या हसण्याबद्दल त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जिभेला हाड नसलेल्या त्या माणसाला आज शब्द सापडेना. शेवटी त्याने नुसतं पेन पुढे केलं.

पूर्वीचा अनुभव. आजवर प्रत्येक अर्जात ती इथे एक आडवी रेघ मारत आली होती. आज तिने लिहिलं, अकरा वर्षं, रोज आठशे माणसांचं जेवण चाखणे. कुणाच्या हाताखाली, या ओळीवर तिने आईचं पूर्ण नाव लिहिलं. हुद्दा, मुख्य आचारी.

त्याखाली एक प्रश्न होता: ही व्यक्ती अजून त्या पदावर आहे काय?

बारकीने 'होय'वर खूण केली, आणि ती पुसट वाटली म्हणून पेन दाबून पुन्हा एकदा केली.