वंशावळीचा खोकला

माझं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. पुढे दुकान, मधे पडदा, मागे स्वयंपाकघर. बायको रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बायबलचा एक अध्याय वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि ते रेकॉर्डिंग धाकटीला पाठवायची. धाकटी म्हणजे तिची बहीण. तिला लहानपणापासून दिसत नाही. बायकोला जाऊन आता सव्वा महिना झाला.

शनिवारी दुपारी प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत आमचं अभ्यासमंडळ भरायचं. तिथे एक निवृत्त मास्तर यायचे. ते म्हणायचे, आपण घेतो ती नावं मूळची नाहीतच. ती माणसं अरामी बोलत होती, जुना करार बहुतेक हिब्रूत लिहिला, नवा ग्रीकमध्ये, आणि आपल्यापर्यंत येईतो नावं चार तोंडांतून फिरली. येशू नव्हे, येशुआ. योहान नव्हे, योहानान. मंडळातल्या कंपाउंडरचं म्हणणं, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत तर ग्रीकच खरं धरा. दोघांची जुंपली की चहा गार व्हायचा. मी सातवी शिकलेला. शिकलेल्या माणसांत बसून आपणही मत द्यावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी मास्तरांच्या बाजूने होतो, आणि त्यांच्याहून कडक.

दुकानात काम करताना तिचं वाचन ऐकू यायचं. मी पडद्याअलीकडून ओरडायचो, "याकोब नाही, याकोव! किती वेळा सांगायचं?"

"अहो, धाकटीला याकोबच माहीत आहे."

"चुकीचं माहीत आहे. किल्लीचा एक दात चुकला तर कुलूप उघडेल का?"

"मी कुठे किल्ली लावते? मी आपली दार वाजवते. आणि येशूला त्याची आई काय हाक मारायची, ते ऐकायला तुमच्या मंडळातलं कोण गेलं होतं?"

मला राग आला. पुढचे चार दिवस मी प्रत्येक नावाला टोकलं. शेवटी तिने युक्ती काढली. नाव आलं की खोकायची. नाव खोकल्यात जायचं आणि मला बोलायला जागा उरायची नाही. रेकॉर्डिंग ऐकताना धाकटीला हसू आवरायचं नाही. वंशावळीचे अध्याय म्हणजे तर नुसता खोकलाच. मीही त्याला वंशावळीचा खोकला म्हणायला लागलो. शेजारच्या शिंप्याला सांगून हसवलं.

पुढे भांडी घासतानाही ती खोकायला लागली. जिना चढतानाही. मी म्हणायचो, "काय गं, आता कुणाचं नाव आलं?"

डॉक्टरकडे नेलं तेव्हा फुप्फुसातली गाठ लिंबाएवढी झाली होती. दोन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ती आतल्या खोलीत होती. ऐकणारा मी एकटाच.

ती गेल्यावर सगळे म्हणाले, सोशिक होती बिचारी, कुणाला कळू दिलं नाही. मी मान हलवली. येत्या रविवारी प्रार्थनामंदिरात तिची आठवण काढायची आहे. धाकटी तिथे हेच बोलणार होती. तिचा फोन आला, "भाऊजी, तिच्या मोबाईलमध्ये मला न पाठवलेलं काही राहिलं असेल तर घेऊन या. ऐकते एकदा."

एक राहिलं होतं. मी दुकानात बसून ऐकलं. वंशावळच होती. तिसऱ्या नावाला ती खोकली आणि खोकला थांबेचना. मग मोबाईलपासून तोंड वळवून म्हणाली, "अहो, हा खोकला खरा आहे हो." त्यावर माझा आवाज, कानशीच्या खरखरीतून: "हो का? मग पुढची नावं न खोकता वाचून दाखव, म्हणजे मानतो." तिने वाचली. मी सांगायचो तशी, मास्तरांच्या उच्चारात. पाच नावं झाली आणि रेकॉर्डिंग संपलं.

पुसायला एक बोट पुरलं असतं. मी दोनदा बोट नेलंही. मग दुकानाला कुलूप लावून धाकटीकडे गेलो आणि तिच्यासमोर ते लावलं.

ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"यानंतर किती दिवसांनी नेलंत तिला?"

"अडीच महिन्यांनी."

ती उठली, भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मी माफी मागणार होतो, पण कुणाची मागायची ते कळेना.

"म्हणजे तिने लपवलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी रविवारी लोकांना सांगणार होते, लपवलं म्हणून. तुम्ही सांगू देणार होतात."

"हो."

"आता मी फक्त एवढंच सांगेन, की तिने सांगितलं होतं. कुणाला, ते तुम्ही सांगा."

मी हो म्हणालो. मला वाटलं, आता ती जा म्हणेल. ती परत येऊन खुर्चीत बसली. "तो अध्याय अर्धाच राहिलाय. पुस्तक कपाटात आहे, तिचंच, लग्नाआधीचं. वाचा."

मी ती थांबली तिथून सुरू केलं. नावामागून नाव. ती म्हणायची तशीच म्हणत गेलो. मास्तरांचे उच्चार तोंडात येत होते, ते मागे ढकलावे लागत होते. सहाव्या-सातव्या नावाला मला ठसका आला. मी तो गिळला आणि थांबलो.

"खोका, भाऊजी," धाकटी म्हणाली. "इथे कुणी खरं-खोटं करणार नाही."

मी खोकलो नाही. पुढचं नाव वाचलं. परवा रविवार आहे.