टाचेआधीची पाच मिनिटं

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, लगेच जांभई देऊ नका. रुग्णालयात यंत्रांना मान असतो, खुर्चीला फक्त बसणारे असतात. सध्या माझ्याकडे तेही नाहीत. कापसाचे तीन खोके आहेत.

सुताराने मला एका कार्यालयातल्या साहेबांसाठी बनवलं होतं. बैठक जरा बुटकी झाली, हात जरा रुंद झाले. साहेब बसले की टेबलामागून नुसतं टक्कल दिसायचं. त्यांनी मला रुग्णालयाला दान केलं आणि दानाचा फोटो काढून घेतला. फोटोत मी नाही.

नवजात बाळांच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरनी मला पाहिलं. बसल्या, पाय जमिनीला पूर्ण टेकले, कोपर माझ्या हातावर आरामात विसावलं. "ही मला हवी," एवढंच म्हणाल्या. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा सत्कार तोच.

त्या विभागात बाळाच्या टाचेला टोचून तपासणीसाठी रक्ताचे थेंब घेतात. ते घ्यावेच लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढ्याशा जिवाला काय कळतंय, असं पुष्कळ शिकलेली माणसंही म्हणत. मोठ्या माणसाला निदान "तिकडे बघा" असं तरी सांगतात.

सिस्टरची रीत वेगळी होती. टोचायच्या आधी पाच मिनिटं आईने माझ्यावर बसायचं. बाळ नुसत्या लंगोटात तिच्या उघड्या छातीशी, वरून दुपटं. दूध ओढता येत असेल तर पाजायला घ्यायचं. येत नसेल तर जिभेवर आईच्याच दुधाचे थेंब. हातपाय पोटाशी गोळा करून अलगद धरायचे. मग टाच. यात औषध नव्हतं, यंत्र नव्हतं, त्यामुळे रुबाबही नव्हता.

रक्त घ्यायला येणाऱ्या बाईंना सगळे सुईबाई म्हणत. त्या घड्याळ बघत उभ्या राहायच्या.

"सिस्टर, मला अजून सतरा टाचा आहेत."

"तुला सतरा असतील गं. त्याला आत्ता ही एकच आहे."

बाळ कपाळाला एखादी आठी घालायचं, जरा कुरकुरायचं आणि पुन्हा चोखू लागायचं. पाहुणे डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. माझी बरी वर्षं तीच.

मग सिस्टर निवृत्त झाल्या आणि नवा तक्ता आला. त्यात वेदनेसाठी एक रकाना होता: 'बाळ रडले का? होय / नाही.' पाठोपाठ तपासणी समिती आली. मी यंत्रांच्या यादीत नव्हते, फर्निचरच्याही यादीत नव्हते. जी वस्तू कुठल्याच यादीत नसते, ती आपोआप अडचण होते. मला काचेबाहेर बोळात ठेवण्यात आलं.

तेव्हाच ती आली. फार लवकर जन्मलेली मुलगी, दोन तळहातांत मावेल एवढी. तिला दिवसातून चार-पाच वेळा टोचावं लागे. तिची आई माझ्यावर बसून काचेतून बघायची. शेजारी तिची नणंद उभी असायची. पहिले दोन दिवस मुलगी रडली. मग रडायची थांबली.

"फार शहाणी आहे हो," फेरीवरचे मोठे डॉक्टर म्हणाले. "हूं नाही की चूं नाही."

"डॉक्टर, ती बोटं फाकवते," आई म्हणाली. "कपाळ आवळते. तोंड उघडते, पण आवाजच फुटत नाही. मी आत येऊन धरू का तिला?"

"कशाला, ताई? तक्त्यात आठवडाभर 'नाही' आहे."

"रडायला बळ नसेल तिच्यात."

"मग बरंच की. बळ वाचतंय."

डॉक्टर पुढे गेल्यावर नणंद पुटपुटली, "यांच्या पायात काटा मोडू दे, अख्खं गाव गोळा करतील."

सुईबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "उठा." मला वाटलं, ही जागाही गेली. तर बाईंनी मलाच धरून आत ओढलं. माझा एक पाय करकरतो. सगळा विभाग वळून बघू लागला.

"हात स्वच्छ धुऊन या," त्या आईला म्हणाल्या. "पाच मिनिटं आहेत आपल्याकडे. बाकीच्या टाचा थांबतील."

मुलगी छातीशी गेली. थोड्या वेळाने कपाळ सैल झालं. सुई टोचली तेव्हा पायाचं एक बोट हललं, डोळे मिटलेलेच राहिले. रडली ती आई. तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मुलीच्या रकान्यात सुईबाईंनी लिहिलं: 'नाही.'

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तक्ता वरून खाली वाचला.

"खुर्चीआधी 'नाही', खुर्चीनंतरही 'नाही'. मग फरक काय पडला?"

"डॉक्टर, आधीचं 'नाही' वेगळं होतं."

"रकाना एकच आहे, बाई."

दुपारपर्यंत मी सामानाच्या खोलीत होते आणि आई पुन्हा काचेबाहेर, या वेळी उभी. मुलीचं टोचणं पुढे अकरा दिवस चाललं.

ती वाचली. वजन भरलं, घरी गेली. अशा वेळी सगळं छान झालं असं म्हणायची पद्धत आहे.

परवा सुईबाई कापूस न्यायला आल्या. खोके बाजूला करून माझ्यावर टेकल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. त्या मुलीला दाखवायला आणलं होतं म्हणे. गुटगुटीत झाली आहे, ओळखीचं हसते. पण मोजा काढायला कुणी हात लावला की पाय पोटाशी ओढून घेते. आवाज मात्र करत नाही.

"मीच टोचलंय ना तिला," बाई म्हणाल्या. मग उठल्या आणि खोके होते तसे माझ्यावर ठेवून गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी सिस्टर, कुणी आई, कुणी बाप. सुई टळणार नाही, पण आधीची पाच मिनिटं कुणाच्याही हातातली आहेत. बाळ गप्प आहे म्हणून त्याला दुखत नाही असं समजू नका. त्याला छातीशी धरा, धरू देत नसतील तर पुन्हा विचारा. खुर्ची कुठलीही चालेल. मीच हवी असेन, तर या खोलीला कुलूप नसतं, आणि मी फारशी जड नाही.