एकदाच विचारायचं

आफ्रिकेतल्या मलावीला जायचं ठरलं आणि लुंबिनीच्या घरातली माणसं अर्धपोटी उठायला लागली.

लुंबिनी लातूरच्या एका दवाखान्यात नर्स. तिकडच्या एका गरीब वस्तीत, लेकुरवाळ्या बायांमध्ये दोन महिने बिनपगारी काम करायला तिची निवड झाली होती. तयारीचा वर्ग फोनवर चाले. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं, "देणाऱ्याच्या रेट्यापुढं गरिबाचं 'नको' कुणी ऐकतच नाही. तुम्ही ऐका. एकदाच विचारायचं. नको म्हटलं की हात मागे. घरी सराव करा."

लुंबिनीनं ओढणी खोचली.

"मामा, भाकरी वाढू?"

"नको, नको," सासरे व्यंकटी रीतीप्रमाणे म्हणाले आणि ताट हळूच पुढं सरकवलं. लुंबिनी भाकरी घेऊन माघारी वळली. मामा बघतच राहिले. उभ्या जन्मात त्यांचं 'नको' पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

"आगं, भाकरी कुठं चालली?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"ते काय खरंच म्हणून राहिलो व्हय!"

शेजारची गंगम्मा धर्माबादकडची. चहा विचारल्यावर तेलुगूत "वद्दु, वद्दु", म्हणजे नको नको, म्हणत ती ऐसपैस मांडी घालून बसली. लुंबिनीनं गॅस बंद केला. बंद गॅसकडं बघत गंगम्मा बराच वेळ बसली, मग उठून गल्लीभर सांगत सुटली, "तिच्याकडं गेलाव तर पहिल्या झटक्यात हाव म्हणा गं! न्हाईतर सुकंच परत याल."

लुंबिनीचा तीन वर्षांचा लेक सुगत तेवढा या नियमावर खूश होता. "आंघोळ करायची?" "नको." संपला विषय.

खरा घोर सुगतचाच होता. नवरा आनंदराज नांदेडला नोकरीला, रविवारपुरता येणारा. लेकराला सांभाळणार कोण? सासूबाई, पारूबाई, अंबाडी निवडत बसल्या होत्या. लुंबिनीनं धीर केला.

"आत्या, मी गेल्यावर सुगतला सांभाळाल?"

"नको गं बाई. माजे गुडघे हे असे, त्याची पळापळ. मला न्हाई जमायचं."

"बरं," लुंबिनी म्हणाली. हात मागे.

त्यानंतर पारूबाई तिच्या मागंपुढं घुटमळायला लागल्या. भांडी घासताना उगीच मोठ्यानं म्हणायच्या, "आज गुडघा लई मोकळा हाय बरं का!" लुंबिनीला वाटलं, दुखणं लपवतायत. तिनं बाम आणून चोळून दिला. पारूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी लुंबिनीनं बॅगेतले कपडे कपाटात परत लावले आणि बाईंना फोन केला. "मॅडम, माझं नाही जमणार. लेकराचं..."

पारूबाईंनी फोन हिसकावलाच. "ओ बाई! तुमी माज्या सुनंला काय शिकवून राहिलाव? मी नको म्हणलं तर दुसऱ्यांदा इचारंना! आता काय मी सोताहून म्हणू, दे बाई तुजं लेकरू? मला काय मान हाय का न्हाई?"

पलीकडून बाईंचं हसू आलं, तसा पारूबाईंनी फोन लुंबिनीच्या कानाला लावला. "लुंबिनी, तिकडं एकदाच विचारा. घरात मात्र तुमच्या रीतीनं चालू द्या."

लुंबिनी सासूपुढं बसली. "आत्या, सांभाळाल?"

"न्हाई बाई."

"सांभाळा ना."

"मला कशाला गळ घालतीस?" पारूबाईंनी तोंड फिरवलं. हसू लपवायला.

"आगं, हाव म्हण पटकन!" दारातून मामा ओरडले. "ती पुन्हा बरं म्हणून उठंल!"

"आत्या, हातापाया पडते."

"एवढं म्हणून राहिलीस तर ठेवते बाई. आणि त्याला रोज आंघोळ घालणार. न इचारता."

कपडे पुन्हा कपाटातून निघाले. सुगत येऊन रिकाम्या बॅगेत बसला. लुंबिनीनं त्याच्या गालाला गाल लावला.

"सोनू, मी जाऊ?"

"नको."

ती तशीच थांबली. मग दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तो नकोच म्हणत राहिला, आणि म्हणता म्हणता त्यानं आपला एक इवला मोजा काढून बॅगेच्या कोपऱ्यात ठेवून दिला.